शेकल्याशिवाय तोंड न उघडणारा

मी डफ बोलतोय. एरवी शेकल्याशिवाय माझं तोंड उघडत नाही. पण आज राहवत नाही.

माझा जन्म हिंदी महासागरातल्या चागोसच्या मोठ्या बेटावरचा. मला घडवणाऱ्या फिलिबेरची नवी टोपी ज्या बोकडाने खाल्ली, त्याचंच कातडं त्याने मला चढवलं. म्हणून मी जरा माजोरीच वाजतो.

मग इंग्रज साहेब म्हणाला, बेट सैन्याला हवंय, निघा. माणशी एक पेटी. फिलिबेरच्या लेकीने, आर्लेतने, पेटीतले कपडे बाहेर फेकले नि मला आत घातलं. मॉरिशसला उतरली ती अंगावरच्या झग्यानिशी. शहाणीच!

पोर्ट लुईच्या पत्र्याच्या घरात तिने मला खिळ्याला टांगलं. "आपल्या बेटावर गेलो की शेकीन तुला." बाप गेला, तिचे केस पिकले, माझ्या पाठीमागे पालीने संसार थाटला. मी गप्प.

परवा रेडिओवर बातमी आली नि शेजारचा गाएतान उड्या मारत घरात शिरला. तोही चागोसचाच, पण धाकट्या बेटावरचा.

"अगं आर्लेत, करार झाला! साहेबाने बेटं मॉरिशसला दिली! काढ तो डफ!"

तेवढ्यात इंग्लंडहून भाच्याचा फोन. "आत्या, कसला आनंद? आपल्याला कुणी विचारलं? साहेब नि मंत्री, दोघांत वाटणी झालीसुद्धा!"

"तू साहेबाचा पाव खा नि गप्प बस!" गाएतान फोनवर खेकसला.

"काका, मंत्र्यांनी तरी तुमच्या ताटात काय वाढलं?"

आर्लेतने दोघांना थांबवलं. "मोठ्या बेटाचं काय?"

गाएतान टोपी चाचपू लागला. "ते... सैन्याकडेच. नव्याण्णव वर्षं. बाकीच्या बेटांवर राहायला जाता येईल म्हणतात."

"बरं. तोवर चहा टाकते."

कुणी हसलं नाही. मी हसलो असतो, पण शेकलेला नव्हतो.

संध्याकाळी तिने अंगणात नारळाची सोडणं पेटवली नि मला जाळावर धरलं. कातडं ताणलं. तिने एकच थाप मारली. काय सांगू, आतला बोकडसुद्धा रडला. मग तिने मला गाएतानच्या हातात दिलं.

"तूही चल की," तो म्हणाला.

"तुझ्या बेटावर माझी आई पुरलीय का?"

आता मी गाएतानच्या पेटीवर बसून बोटीची वाट बघतोय. जाईन तो घराच्या शेजारी, घरी नाही. आर्लेतच्या भिंतीवर माझ्याएवढा गोल डाग उरलाय म्हणे. त्या बाजूला गेलात तर आत डोकवा. चहा टाकलेलाच असेल. तिच्यासोबत प्यायला कुणी नाही.