नकारघंटा

बाबांची महाविद्यालयातली खोली सोमवारी नव्या प्राध्यापकाला द्यायची होती. पुस्तकं सकाळीच ग्रंथालयात गेली. उरल्या त्या खिडकीतल्या काचेच्या बरण्या आणि त्यांतलं हिरवंगार शेवाळ.

"हे टाकून देऊ का, ताई?" शिपायाने विचारलं, तेव्हा ती चटकन बरण्यांपुढे जाऊन उभी राहिली.

एकदा तहानेने वाळलेलं शेवाळ ती तहान सोसायला पुढच्या पिढ्यांनाही शिकवतं, असं बाबांचं म्हणणं होतं. विभागात त्याची टर उडायची. "तुमच्या शेवाळाला माझा वाढदिवस आठवतो का?" असं भर सभेत विचारणारे एक सर तर हात धुऊन मागे लागले होते. बाबांच्या प्रत्येक शोधनिबंधावर त्यांचा लाल शेरा असायचाच. आईने त्यांचं नाव नकारघंटा ठेवलं होतं. बाबा नुसते हसायचे.

शेवटचा प्रयोग अर्धाच सोडून बाबा गेले. निदान बरण्या तरी घरी न्याव्यात, म्हणून तिने खोकं आणलं. प्रत्येक बरणीवर काळी चिकटपट्टी होती, वेडीवाकडी. बाबा इतके टापटिपीचे. हे कुणी केलं? तिने एका पट्टीचं टोक नखाने उचललं.

"हात लावू नकोस!"

दारात नकारघंटा उभे होते, धापा टाकत. हातात पाणी फवारायची बाटली.

"बरण्या बाबांच्या आहेत, सर," ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली.

"आणि पट्ट्या माझ्या. खाली लिहिलंय, कोणतं शेवाळ तहानलेल्या घराण्यातलं आणि कोणतं लाडावलेलं. तुझा बाप म्हणाला, 'मला हवं तेच माझ्या डोळ्यांना दिसायचं. नावं तू झाक. तुझ्याइतका माझ्या वाइटावर टपलेला दुसरा कोण मिळणार?'"

तिला हसू फुटलं आणि त्यापाठोपाठ डोळे भरून आले. बाबा दवाखान्यात असताना हे शेवाळ ओलं कुणी ठेवलं, हा प्रश्न तिला पडलाच नव्हता.

"म्हणजे तुम्हाला पटलंय?"

"छे! साफ चूक आहे. पण चूक ठरायच्या आधीच फेकून द्यायचं, हा कुठला न्याय? माझी खिडकी मोकळी केलीय मी." ते जरा घुटमळले. "आता सगळ्यांचं पाणी तोडायचं आणि नंतर पुन्हा कोण हिरवं होतं ते मोजायचं. पण कोणत्या बरणीत कोण आहे ते मला ठाऊक आहे. मी मोजून चालणार नाही. पट्टीखाली काही दिसलं तुला?"

"नाही. टोकच उचललं होतं."

"मग रविवारी येत जा मोजायला. चहा मिळेल, कौतुक मिळणार नाही."

प्रत्येक निबंधावर शेरा मारायचा तर प्रत्येक निबंध वाचावा लागतो, एवढी साधी गोष्ट घरात कुणालाच सुचली नव्हती. बाबा सोडून.

तिने पट्टीचं टोक अंगठ्याने घट्ट दाबून बसवलं आणि पहिली बरणी उचलून त्यांच्या हातात दिली.

"सावकाश, काका," ती म्हणाली.