देवणीच्या गाईचे कान

अहमदपूरचा मार्तंड सरकारी वजिफ्यावर, म्हणजे शिष्यवृत्तीवर, जनावरांची डॉक्टरकी शिकायला एडिंबऱ्याला गेला, त्याला सात महिने झाले होते. तेवढ्या काळात त्यानं वडिलांना, अनंतराव वकिलांना, चौदा पत्रं लिहिली होती. इथली माणसं कोरडी, जेवण बेचव, घरात पाहुण्याला दुसऱ्यांदा वाढायची रीत नाही, असे निवाडे तो बेलाशक देई. हा सगळा अभ्यास त्यानं घरमालकिणीच्या स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून केला होता.

एका शनिवारी कॉलेजात परदेशी विद्यार्थ्यांनी आपापल्या मुलखाविषयी बोलायचं ठरलं. मार्तंड शेरवानी अन् रुमी टोपी चढवून उभा राहिला. धर्म, संस्कृती, आदरातिथ्य, काही सोडलं नाही. पाऊण तास बोलला. टाळ्या पडल्या. मग मागच्या बाकावरचा एक शेतकऱ्याचा पोरगा उठला.

"तुमच्याकडं देवणी जातीची गाय असते, असं वाचलं. चांगली गाय ओळखायची कशी?"

मार्तंडच्या घरी दोन देवणी गाई होत्या. त्यांच्याच दुधावर तो वाढला होता. पण गोठ्यात जायचा तो वसुबारसेला, तेही आईनं ओढून नेल्यावर.

"शांत असते," तो म्हणाला.

"आणि कान कसे असतात?"

"दोन असतात."

सभागृह खदखदून हसलं. आपला विनोद जमला असं वाटून मार्तंडनं कमरेत वाकून आभारही मानले. लोक कुणाला हसले, हे त्याला खोलीवर पोचून टोपी काढताना उमगलं. कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

पंधराव्या पत्रात एकही निवाडा नव्हता. 'मलप्पाला विचारून देवणीची माहिती कळवावी,' एवढंच होतं. मलप्पा म्हणजे त्यांच्या गोठ्यातला गडी. दीड महिन्यानं उत्तर आलं. अक्षर अनंतरावांचं, पण बोल मलप्पाचे होते :

"वकीलसाब, लिवा. कान लांब, खाली पडलेले. अंगावर काळे-पांढरे ठिपके. कातडी ढिली, मुठीत आली पायजे. बाकी कागदावर कळत न्हाई. मार्तंडरावांना म्हनावं, तिथं गाय असंल तर आदी तिच्यापाशी जाऊन बसा."

मार्तंडनं तो कागद इंग्रजीत उतरवून त्या पोराला दिला, अन् आपल्याला काही येत नव्हतं हेही सांगून टाकलं. पोरगा म्हणाला, "सुट्टीत आमच्याकडं चल."

गेला. पहिल्या दिवशी गाईनं लाथ घालून बादली उडवली, दुसऱ्या दिवशी मार्तंडला. तिसऱ्या दिवशी तो इंग्रजी सोडून हळूच म्हणाला, "उभी ऱ्हा, माय." ती उभी राहिली. घामाघूम होऊन त्यानं दूध काढलं अन् बादली मिरवत पोराच्या आईपुढं नेली.

तिनं बादलीत डोकावून पाहिलं.

"वा," ती म्हणाली, "मांजराला पुरेल."

मार्तंड इतका हसला, की त्यातलंही थोडं सांडलं.