चष्मा घेऊ का?

एचआर विभागात वर्षभर काम शिकायला आलेल्या त्या मुलीला पहिल्याच आठवड्यात जे काम मिळालं, ते ऐकून कुणालाही हसू आलं असतं. माणसांना बोलावून आणायचं, बस्स. कॉलेजात तिनं माणसं निवडायची कशी, त्यांची भांडणं मिटवायची कशी, यावर उशीएवढी जाड पुस्तकं वाचली होती, आणि इथं तिच्या वाट्याला शाळेतल्या शिपायाचं काम आलं. शिपाई निदान कशाला बोलावलंय ते सांगतो. तिला तेवढीही मुभा नव्हती.

पद्धत मॅडमनी घालून दिलेली. मॅडम म्हणजे विभागप्रमुख, आवाज असा मऊ की रागावल्या तरी बाईंना बरं वाटत नसेल असं वाटावं. यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या त्या कंपनीत कुणाला घरी बसवायचं ठरलं, की फोन करायचा नाही. फोन आला की माणूस सावध होतो, चार जणांना विचारतो. त्यापेक्षा हिनं वरच्या मजल्यावर जायचं, हसायचं आणि म्हणायचं, "जरा पाच मिनिटं येता का?" सामान मात्र जागेवरच राहू द्यायचं, म्हणजे शेजारच्यालाही ताकास तूर लागत नाही. खाली कागद तयार असायचा. सही झाली की माणूस मागच्या दारानं बाहेर, आणि त्याचं सामान खोक्यात भरून घरपोच. खोकं भरायचं कामही हिच्याकडेच.

"तुझा चेहराच असा आहे, की कुणाला भीती वाटत नाही," मॅडम म्हणाल्या होत्या. तिला ते कौतुकच वाटलं. तिनं आईला सांगितलं, आईनं मावशीला, आणि वर्ष संपलं की पोरगी तिथंच कायम होणार, हे नातेवाइकांनी परस्पर ठरवूनही टाकलं. आई लोकांच्या घरची आजारी माणसं सांभाळायची, आणि तिच्या गुडघ्यांनी आता हात टेकले होते. पोरगी कायम झाली की आपण घरी बसायचं, असं तिनं बोलून दाखवलं नव्हतं, पण ते दोघींनाही ठाऊक होतं.

वरच्या मजल्यावर खिडकीपाशी नकाशेकाका बसायचे. यंत्राच्या भागांचे नकाशे काढायचे, म्हणून सगळे त्यांना तेच म्हणायचे. लांबचं त्यांना घारीसारखं दिसायचं, जवळचं मात्र चष्म्याशिवाय सगळं धुकं. ती दारात दिसली की तिथूनच म्हणायचे, "आली आमची कॉलेजकुमारी." त्या दिवशीही तसंच म्हणाले. तिनं पाच मिनिटांचं सांगितलं तसे ते लगेच उठले, आणि मग टेबल चाचपत म्हणाले, "चष्मा घेऊ का?"

"नको हो काका, पाच मिनिटांचं तर काम."

आपण खोटं बोलतोय असं तेव्हा तिच्या मनातही आलं नाही. सामान जागेवर ठेवायचं, एवढंच डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

खाली काकांनी कागद हातात घेतला, लांब धरला, आणखी लांब धरला. "हात वीतभर लांब असता तर वाचलं असतं," म्हणून स्वतःच हसले. मग मॅडमकडे न बघता त्यांनी हिच्याकडे पाहिलं. "पोरी, तूच सांग. काय लिहिलंय?"

काय लिहिलंय ते तिला तोंडपाठ होतं. मी माझ्या मर्जीनं नोकरी सोडतो, माझी काही तक्रार नाही, काही मागणं नाही. मॅडम हातातल्या पेनाचं टोपण न्याहाळत होत्या.

"नेहमीचंच आहे, काका."

काकांनी सही केली, तीही नकाशेवाल्याच्या नेटक्या अक्षरात. मग मॅडमनी इतक्या वर्षांच्या सेवेबद्दल त्यांचे आभार मानले, तेव्हा कुठं त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. त्यांनी फक्त एकदा हिच्याकडे पाहिलं आणि मागच्या दारानं गेले.

त्यांचं खोकं भरून रवाना झाल्यावर टेबलावरच्या मोजपट्ट्यांखाली चष्मा सापडला. पाठवू उद्या, म्हणून तिनं तो पर्समध्ये टाकला. तिची स्वतःची खुर्ची मोडकी होती, त्यामुळे काकांची खुर्ची खाली तिच्याकडे आली. सकाळी तिनं ती आपल्या उंचीला लावायची, आणि दुपारपर्यंत खुर्चीनं काकांच्या उंचीला येऊन थांबायचं. दुरुस्तीवाला आला, त्यानं उलटीपालटी करून पाहिली, स्वतः बसून पाहिलं. "खुर्चीला काही झालेलं नाही, ताई," तो म्हणाला. तो गेला आणि खुर्ची पुन्हा खाली बसली.

मग ते वाक्य मागं लागलं. लिफ्टमध्ये, जिन्यात, नळाखाली हात धुताना, अगदी कानापाशी कुणीतरी अदबीनं विचारायचं, चष्मा घेऊ का? घरी आईनं "डबा घेऊ का तुझा धुवायला?" म्हटलं तरी ती दचकायची. आणि वरच्या मजल्याला तर आता कुणी सांगायची गरज उरली नव्हती. भीती न वाटणारा तो चेहरा दारात दिसला की बोलणी थांबायची, हात आपापल्या पिशव्यांकडे जायचे. एकदा ती नुसता स्टेपलर मागायला गेली, तर एका माणसानं न विचारताच आपल्या पोरांचे फोटो टेबलावरून उचलून खिशात घातले.

शेवटी एका सुटीच्या दिवशी ती चष्मा घेऊन काकांच्या घरी गेली. दार सुनेनं उघडलं. ऑफिसचं नाव ऐकून सून म्हणाली, "हल्ली साधं कुरिअर आलं तरी सही करत नाहीत. मला दोनदा वाचायला लावतात, आणि मग पाकीट परतच पाठवतात."

"अगं, ही आमची कॉलेजकुमारी," काका आतल्या खोलीतून म्हणाले. त्यांनी तिला लांबूनच ओळखलं होतं. "फार गुणी पोर आहे. हिलाही त्यांनी फसवलं असणार बघ, नाहीतर ही मला तसं म्हणालीच नसती."

तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. तिनं नुसता चष्मा पुढं केला. काकांनी तो घेतला नाही. "नवा केलाय मी. हा राहू दे तुझ्याकडं, तिथं लागेल कुणाला तरी." मग त्यांनी ती कायम झाली का, याची चौकशी केली आणि व्हावी म्हणून तोंडभर आशीर्वाद दिला. चार शिव्या दिल्या असत्या तर तिला निदान झोप तरी लागली असती.

वर्ष संपता संपता मॅडमनी तिला बोलावलं. टेबलावर दोन कागद होते. "हा तुझा. आता तू आमचीच. पण आधी स्टोअरकाकूंना घेऊन ये."

नटबोल्टांच्या कोठीत बसणाऱ्या स्टोअरकाकू म्हणजे वरच्या मजल्यावर तिच्याशी अजून बोलणारं एकमेव माणूस. थंडी वाजली की आपलं स्वेटर हिच्या खांद्यावर टाकायच्या. ती दारात उभी राहिली, आणि तोंड आपलं आपण हसलं, आपलं आपण बोललं. काकू उठल्या.

"चष्मा घेऊ का गं?"

वर्षभर घोटून घेतलेली जीभ तिच्या आधी बोलून मोकळी झाली. "राहू द्या, काकू. पाच मिनिटांचं तर काम."

जिना उतरताना तिला तीन माणसांची पावलं ऐकू येत होती. मागं वळून बघायचा धीर झाला नाही.

खाली काकूंनी कागद लांब धरला, डोळे बारीक केले आणि तो तिच्यापुढं केला. "तूच सांग बाई, काय आहे यात?"

मॅडम पेनाचं टोपण न्याहाळू लागल्या. आईचे गुडघे तिच्या डोळ्यांपुढं आले, अगदी स्पष्ट आले. ती कोपऱ्यातल्या आपल्या टेबलापाशी गेली, पर्स उघडली आणि काकांचा चष्मा आणून कागदावर ठेवला.

काकूंनी तो चढवला, ओळींखाली बोट धरलं आणि शाळेतल्यासारखं मोठ्यानं वाचायला लागल्या. "मी... माझ्या मर्जीनं..." हा कागद तिनं कितीदा तरी या टेबलावर मांडला होता, पण तो कुणाच्या आवाजात कधी ऐकला नव्हता. काकूंनी शेवटपर्यंत वाचला आणि मॅडमकडे सरकवला. "माझी मर्जी मला माहीतच नव्हती बघा," त्या म्हणाल्या. "मी काही सही करणार नाही."

मॅडमनी दुसरा कागद उचलला, तिच्या नोकरीचा, आणि शांतपणे खणात ठेवून दिला. कोपऱ्यातली काकांची रिकामी खुर्ची हळूच खाली गेली.

काकूंनी चष्मा उतरवला, पदरानं पुसला आणि तिच्या हातात दिला. "अगदी बरोबर बसला गं. कुणाचा आहे?"

"नकाशेकाकांचा," ती म्हणाली. "त्यांनी मागितला होता. मी घेऊ दिला नाही."