कोरडी चादर

टक्. टक् टक्.

वीज गेल्यामुळे पंखा थांबला होता, खालच्या मजल्यावरचा रेडिओही मुका झाला होता, म्हणूनच तो आवाज पद्मजाला इतका स्वच्छ ऐकू आला. आतल्या खोलीत लोखंडी पलंगाच्या दांडीवर काहीतरी वाजत होतं.

एरवी दुपारी ती घरी नसायचीच. आज अनूला ताप भरला म्हणून तिनं रजा टाकली होती. पाच वर्षांची पोर तिच्या मांडीवर डोळे मिटून पडली होती.

"आजी आहे," अनू डोळे न उघडताच म्हणाली. "ती अंगठी वाजवते."

तेवढ्यात आतून कमलचा दबका आवाज आला, "गप रवा बघू आजयेनू! आता काय एक मिळूचा नाय."

सासूबाईंना, रत्नप्रभाबाईंना, अर्धांगाचा झटका येऊन वर्ष होत आलं होतं. उजवं अंग गेलं, वाचा गेली. पद्मजा नोकरीवर, नवरा चंद्रप्रकाश मरोळच्या कारखान्यात सुपरवायझर. म्हणून दिवसभरासाठी भांडुपची कमल ठेवली. नवऱ्याची गिरणी संपात बंद पडल्यापासून कमलनं हे काम धरलं होतं. मुलुंडच्या त्या इमारतीत तिचं नाव झालं ते एका गोष्टीमुळे. पाहुणे यायचे, हवा हुंगायचे आणि म्हणायचे, "अगदी वास नाही हो खोलीला!" मग चंद्रप्रकाश आईच्या अंथरुणावरून हात फिरवून दाखवायचा, "खडखडीत कोरडी! आमची कमल म्हणजे सोनं आहे सोनं." पद्मजा चहा आणता आणता हसायची. तिलाही बरं वाटायचं.

अनूचं डोकं उशीवर ठेवून ती आत गेली आणि दारातच थबकली.

सासूबाईंचा डावा हात, एवढा एकच चालता हात, जुन्या लुगड्याच्या काठानं पलंगाच्या दांडीला बांधलेला होता. मनगटाखाली कातडी लाल झाली होती. बोटातली चांदीची अंगठी दांडीला लागत होती. टक्. तोंड उघडं, ओठांवर पापुद्रे. आणि त्यांची नजर तांब्याकडे लागलेली. तांब्या भरलेला होता, खिडकीच्या कट्ट्यावर, पार पलीकडे.

"कमल! हे काय आहे?"

"वयनी!" कमल गडबडून उठली. "पडतत ना त्या, म्हणान बांधलंय. दुपारी माझो जरा डोळो लागता..."

"आणि पाणी? पाणी का नाही दिलंस?"

"जेवल्यावर पाणी देवचा नाय ना. दिला काय बिछानो भिजता." कमल खरोखरच बुचकळ्यात पडली होती. "बिछानो भिजलो तर तुमी काय म्हणतलास?"

 पद्मजानं गाठ सोडली, पेला भरला आणि सासूबाईंच्या ओठांना लावला. त्या अधाशासारख्या प्यायल्या. एक घोट, दुसरा घोट, आणि तिसऱ्याला घशात घरघर झाली. डोळे पांढरे झाले. ओठ निळसर पडायला लागले. खोकलासुद्धा धड येईना.

"आई! आई, काय होतंय?" पद्मजानं पेला टाकला. ती आणि कमल, दोघी पलंगाच्या दोन बाजूंना नुसत्या उभ्या. कुणी कुठे हात लावायचा हे दोघींनाही ठाऊक नव्हतं.

"सुगंधाताई!" पद्मजा दार उघडून किंचाळली.

समोरच्या घरातल्या सुगंधाताई म्हणजे निवृत्त परिचारिका. त्या ओल्या हातांनीच धावत आल्या. "बसतं करा आधी! कमल, तू मागून धर. पुढे वाकव, आणखी. पद्मजा, मान सांभाळ." त्यांनी पाठीवर थापा मारल्या. पाणी बाहेर आलं, मग खोकल्याची उबळ, मग एक लांब, फाटका श्वास. ओठांवर हळूहळू रंग परतला.

"पाणी कुणी पाजलं?"

"मी," पद्मजा म्हणाली.

"आडवं ठेवून? अगं, यांचा घसा अर्धा लुळा आहे. बसवायचं, हनुवटी खाली घ्यायची आणि चमच्या-चमच्यानं द्यायचं. इस्पितळातून सोडताना कुणी सांगितलं नाही?"

"नाही."

"नाहीच सांगत," सुगंधाताई पुटपुटल्या. त्यांनी रत्नप्रभाबाईंच्या दंडाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. मग कुशीवर वळवून पाठ पाहिली. माकडहाडापाशी कातडी सोलवटली होती. "डॉक्टरांना आत्ताच्या आत्ता बोलवा. चादर कोरडी राहिली खरी, पण बाई आतून सुकत होत्या."

संध्याकाळी चंद्रप्रकाश आला तेव्हा आईच्या हाताला सलाईन होतं. सगळं ऐकून तो सरळ स्वयंपाकघरात गेला. कमल तिथे भिंतीला टेकून बसली होती.

"चालती हो! माझ्या आईला गुरासारखी बांधतेस? उद्यापासून दिसू नकोस. दुसरी आणतो मी."

"थांबा," पद्मजा मध्ये आली. "दुसरीला कोण शिकवणार?"

"तू हिची बाजू घेतेस?"

"नाही. बांधलं हे वाईटच केलं, आणि त्याचा जाब मी तिला विचारणारच. पण अहो, पाहुण्यांना चादर कोण दाखवत होतं? आई दिवसभरात किती पाणी प्यायल्या, असं तुम्ही एकदा तरी विचारलंत? मी विचारलं? आणि आज तर माझ्याच हातानं त्या गेल्या असत्या. मग मलाही काढता का घरातून?"

"पद्मे, आवाज खाली. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत. त्यांच्या घरीही म्हातारी माणसं आहेत."

कमल पदरात तोंड खुपसून म्हणाली, "माका कोणीच कधी काय दाखवल्यानी नाय हो. माझ्याआदी हय होती ती बाई म्हणाली, पाणी कमी देवचा, मी तसाच केलंय."

"राहायचं की नाही ते आईंना विचारू," पद्मजा म्हणाली. "त्यांना कुणी काही विचारलंच नाहीये वर्षभर."

तिघं पलंगाशी गेली. कमल मान खाली घालून उभी राहिली. रत्नप्रभाबाईंनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग डावा हात उचलून मनगटावरचा वळ तिच्या डोळ्यांपुढे धरला, तो तसाच धरून ठेवला. कमलला हुंदका आवरेना. शेवटी तो हात खाली आला आणि खिडकीतल्या तांब्याकडे वळला.

कमलनं डोळे पुसले. सुगंधाताईंनी सांगितल्याप्रमाणे तिनं आजीला टेकून बसवलं, हनुवटी खाली घेतली आणि पहिला चमचा पुढे केला. गिळल्याची खात्री झाल्यावर दुसरा. चंद्रप्रकाश बघत राहिला, मग हात पुढे करून त्यानं चमचा घेतला. पुढचा घोट त्यानं स्वतः पाजला.

लुगड्याचा तो काठ पद्मजानं जाळला नाही, फेकलाही नाही. रविवारी सुगंधाताईंच्या घरी इमारतीतली म्हातारी माणसं सांभाळणाऱ्या तीन बायांना आणि त्यांच्या मालकिणींना तिनं बोलावलं, तेव्हा तो मधोमध ठेवला. "म्हाताऱ्यांचे मुलगेही येऊ देत," असं तिनं दारोदार सांगितलं होतं. दोघं आले, कोपऱ्यात अवघडून बसले. कूस कशी बदलायची, पाठ कशी बघायची, ओलं कसं न चिडता बदलायचं, सुगंधाताई एकेकाकडून करून घेत होत्या. "भिजलेली चादर धुता येते," त्या म्हणाल्या, "तेव्हा भिजू दे." कमल सगळ्यांत पुढे बसली होती. पुढच्या रविवारीही जमायचं ठरलं. पद्मजानं मनाशी गाठ बांधली, हे आपण सुटू द्यायचं नाही.

त्या संध्याकाळी कमल लवकर घरी गेली होती. पद्मजा कणीक मळत होती, अनू ओट्याशी भातुकली मांडून बसली होती. कुकरची शिट्टी होऊन गेली आणि मागून आवाज आला.

टक्. टक्.

पद्मजा पिठाच्या हातांनीच धावली. सासूबाईंना पाणी हवं होतं. तिनं त्यांना बसवलं, चमच्यानं पाजलं, तोंड पुसलं आणि परत आली. अनू तिच्याकडे बघत होती.

"आई, आजी रोज संध्याकाळी वाजवायची ना? तू पोळ्या करायचीस तेव्हा?"

पद्मजा कणकेवर हात ठेवून थांबली. रोजची संध्याकाळ तिला आठवली. कमल आहे ना आत, असं म्हणून तिनं परातीतला हात थांबवलाच नव्हता.

"मला इथून ऐकू यायचं," अनू म्हणाली. "तुला नव्हतं येत?"