उत्तर टोकाचा गोलखांब

मी एक जुना गोलखांब आहे. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, माझी कहाणी ऐकून कोणी डोळे पुसायला घेऊ नका. मला कीव नको आहे. अंगावर गंज आहे, रंगाचे पोपडे निघाले आहेत, डाव्या पायाला ठिगळ आहे, हे सगळं खरं. पण मी उभा आहे. कॅन्ससच्या वाऱ्यात इतकी वर्षं उभं राहून दाखवा आणि मग माझ्याशी बोला.

माझं मूळ एका तेलविहिरीत आहे. डेलब्रुक गावाच्या पश्चिमेला कोणीतरी मोठ्या आशेने विहीर खणली, पण तेलाचा थेंब लागला नाही. तिच्यात घालायला आणलेले लोखंडी नळ तसेच माळावर पडून राहिले. जाणारे-येणारे आम्हाला हसायचे. मग ओटिस ब्रँट नावाच्या वेल्डरने आम्हाला गाडीत घालून नेलं आणि कॉलेजच्या मैदानासाठी माझा देह जोडला. जमिनीत दोन पाय, त्यांच्यावर एक आडवा दांडा आणि दांड्याच्या टोकांवर दोन उंच हात. काम संपल्यावर ओटिस मागे सरकून म्हणाला, "ह्याच्यातून तेल गेलं नाही, चेंडू तरी जाईल." माझ्या बारशाला एवढंच भाषण झालं.

आमच्याकडचा फुटबॉल म्हणजे अंगावर जायचा खेळ. चेंडू लांबोडका, दोन्ही टोकांना निमुळता. तो काखेत दाबून पळायचं, नाहीतर लांब फेकायचा. आणि पुढची वाट बंद झाली की लाथ मारून माझ्या दोन हातांच्या मधून, आडव्या दांड्याच्या वरून घालवायचा. तसा गेला की तीन गुण. डेलब्रुक कॉलेजच्या संघाला सगळे 'खेचरं' म्हणतात. टोपीवरही खेचरच असतं, आणि त्यात आम्हाला काही कमीपणा वाटत नाही.

सुरुवातीची वर्षं झकास गेली. शनिवार उजाडला की मैदानाबाहेर गाड्यांची रांग लागायची, चुली पेटायच्या, चिलीच्या, म्हणजे राजमा-खिम्याच्या तिखट रश्श्याच्या, पातेल्यांचा वास माझ्यापर्यंत यायचा. बँड वाजायचा. मोठ्या संघाला हरवलं की लोक मैदानात उतरायचे, खांब उपटायचे आणि खांद्यावर घेऊन गावातल्या कोर्टाच्या हिरवळीपर्यंत मिरवत न्यायचे. ही इथली रीत आहे. दक्षिण टोकाच्या माझ्या भावाला तो मान मिळाला, आणि त्याच्या जागी ॲल्युमिनियमचा चकचकीत खांब आला. माझ्या वाट्याला तो मान कधी आला नाही. मला हेवा वाटायचा का? वाटायचा. लपवू कशाला?

मग वाईट दिवस आले. खेचरं हरायला लागली. एक हंगाम गेला, दुसरा गेला, तिसराही तसाच जायला निघाला, आणि जिंकणं म्हणून नाही. बाकं रिकामी पडली. बँडमधले निम्मे वाजवणारे येईनात. माझ्या दांड्यावर कबुतरांनी संसार थाटला आणि कोणी त्यांना हाकललं नाही. शेवटी कॉलेजच्या विश्वस्तांनी जाहीर केलं की ह्या हंगामात एकही सामना जिंकला नाही तर पुढच्या वर्षी संघच नसेल.

तरी दोन माणसं दर शनिवारी माझ्या पाठीमागे घडीच्या खुर्च्या टाकून बसायची. एक व्हर्ना लुट्झ. तिने आयुष्यभर गावातली शाळेची बस चालवली. डेलब्रुकमधलं जवळजवळ प्रत्येक मूल तिच्या बसमधून शाळेत गेलेलं, त्यामुळे मोठी झालेली मुलंही तिला 'मिस व्हर्ना' म्हणायची आणि तिच्यासमोर टोपी नीट करायची. दुसरा गॉर्डी प्रुइट, तिचा शेजारी, औषधाच्या दुकानातून निवृत्त झालेला. त्याच्या जिभेला हाड नव्हतं. संघ मैदानात आला की हा सुरू व्हायचा.

"व्हर्ना, खेचराला शर्यतीत पळवू नये. नांगराला जुंपावं."

"मग तू कशाला येतोस मरायला?"

"तुझे बिअरॉक खायला येतो. घरी मागितले तर देत नाहीस."

बिअरॉक म्हणजे कोबी-खिमा भरलेले गरम बन. ती डबा पुढे करायची, तो दोन उचलायचा, आणि पुन्हा संघाला नावं ठेवायचा. पण ऊन असो की गारठा, त्याची खुर्ची कधी रिकामी राहिली नाही, हे मी पाहिलेलं आहे.

तो सामना ईस्टमन कॉलेजशी होता. हंगामात त्यानंतर एकच सामना उरलेला, आणि तोही राज्यातल्या सगळ्यात दांडग्या संघाशी. म्हणजे आज नाही तर कधीच नाही. गावाला हे ठाऊक होतं, म्हणून बरेच दिवसांनी बाकांवर थोडी गर्दी होती. आणि काय सांगू मित्रांनो, आमची पोरं त्या दिवशी खेळली! अंगावर चिखल, एकाचं नाक फुटलेलं, पण कोणी मागे हटेना. शेवटच्या मिनिटाला आमचे सोळा गुण झालेले आणि त्यांचे चौदा.

चेंडू ईस्टमनकडे होता आणि ते माझ्या दिशेने येत होते. त्यांनी चेंडू लांब फेकला, त्यांच्या गड्याने झेलला, पण आमच्या दोघांनी त्याला तिथेच आडवा केला. तिथून माझ्यापर्यंत लाथेने चेंडू पोचवणं कोणाच्या बापाला शक्य नव्हतं. फलकावरच्या घड्याळात शून्य दिसलं. व्हर्नाने मांडीवरची घोंगडी भिरकावली, "झालं!" म्हणून ओरडली आणि कठडा ओलांडून मैदानात धावली. सगळ्यात पुढे ती. तिच्यामागे सगळी बाकं रिकामी झाली.

मग रीतीप्रमाणे पोरं माझ्यावर चढली. दहा-पंधरा जण आडव्या दांड्याला लोंबकळून झोके घ्यायला लागले. माझा डावा पाय जमिनीलगत गंजलेला होताच. तो कडकन मोडला आणि मी कलंडलो. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. इतक्या वर्षांनी माझी मिरवणूक निघणार होती.

आणि तेव्हाच शिट्टी वाजली.

पंचाने हात वर करून सगळ्यांना थांबवलं. ईस्टमनच्या प्रशिक्षकाने घड्याळ संपण्याआधी खेळ थांबवायला सांगितलं होतं, एक सेकंद बाकी होता. सामना संपलेलाच नव्हता. आणि खेळ चालू असताना प्रेक्षक मैदानात घुसले म्हणून दंड डेलब्रुकला. चेंडू पंधरा यार्ड माझ्या जवळ आणून ठेवला. आता तिथून लाथ मारता येत होती. तीन गुण, आणि सामना ईस्टमनचा.

पण लाथ मारणार कुठे? मी तर एका अंगावर कलंडलेला होतो. पंचाने दुसऱ्या टोकाला खेळायचं का विचारलं. ईस्टमनचा प्रशिक्षक नाही म्हणाला, आणि ते बरोबरच होतं, कारण वारा त्याच्या पाठीशी होता. पंच आमच्या लोकांकडे वळला. "हा खांब उभा करा. नाहीतर सामना मला ईस्टमनला द्यावा लागेल."

आमची पोरं शिरस्त्राणं हातात घेऊन उभी होती, त्यांच्याकडे बघवत नव्हतं. व्हर्नाचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गॉर्डी, माझ्यामुळे झालं हे. मी आधी धावले."

मला वाटलं, आता हा तिला टोमणा मारणार. त्याने अंगातला कोट काढला, त्याची घडी करून खांद्यावर ठेवली.

"नंतर रडू. आधी याला उचलू."

व्हर्नाने डोळे पुसले आणि तिचा तो बसमधला आवाज लागला. धिप्पाड पोरं ह्या बाजूला, उंच पोरं त्या बाजूला, धक्काबुक्की करायची नाही, आपल्या जागेवरून हलायचं नाही. सगळे मुकाट्याने रांगेत आले. विद्यार्थी, त्यांचे आईबाप, बँडमधला ढोलवाला, कोणी विचारलं नाही की मी काय करू. वीस-पंचवीस जणांनी मला उचललं. मोडलेला पाय जमिनीतल्या खुंटावर टेकवला, पण तो टेकून राहील तर ना. म्हणून गॉर्डीने तिथे खांदा दिला. बाकीच्यांनी मला कवेत धरलं. पंचाने खालून बघितलं, डावी बाजू जराशी उचला म्हणाला. ती उचलली. त्याने मान हलवली.

तेव्हा माझ्या पायाशी असलेल्या एका विद्यार्थ्याने हळूच तोंड उघडलं. "मिस व्हर्ना, वारा एवढा आहे. लाथ बसली की जरासा झुकवू. कोणाला कळणार आहे?"

ऐकत सगळे होते. मोह कोणाला होत नाही? तीन वर्षं हरलेली माणसं ती.

व्हर्नाने त्याच्याकडे बघितलंही नाही. "तीन वर्षं आपण सरळ मानेने हरलोय. आज लबाडीने जिंकायचं नाही. हलवलास तर तुला इथून घरी चालत पाठवीन." आणि मग सगळ्यांना म्हणाली, "खाली मान. वर बघायचं नाही. वर बघितलं की हात हलतात."

सगळ्यांनी माना खाली घातल्या. शत्रूचा चेंडू आपल्या घरात नीट शिरावा म्हणून दार धरून उभी असलेली माणसं तुम्ही कधी बघितली आहेत का? मी बघितली आहेत. ती माझी माणसं आहेत, आणि त्या क्षणी मला त्यांचा जेवढा अभिमान वाटला तेवढा कुठल्या मिरवणुकीने वाटला नसता.

ईस्टमनचा रोलिन नावाचा गडी पुढे आला. चार पावलं मागे गेला, धावला, लाथ बसली. चेंडू वर चढला. वाऱ्याने त्याला उचललं. तो सरळ येत होता, मग जरासा उजवीकडे वळला, आणि खाडकन माझ्या उजव्या हातावर आदळला.

माझं सगळं अंग थरथरलं. तो हादरा खाली गॉर्डीच्या खांद्यापर्यंत गेला, त्याच्या तोंडून कळवळल्याचा आवाज निघाला, पण खांदा हलला नाही. एकाचाही हात सुटला नाही. मान वर करून कोणी बघितलं नाही. चेंडू आत पडला की बाहेर, हे त्या वीस-पंचवीस जणांना कळलेलंच नव्हतं. मला कळलं होतं. चेंडू माघारी उडून दांड्याच्या अलीकडे गवतात पडला होता. मला तोंड असतं तर मी गाव डोक्यावर घेतलं असतं.

पंचाने दोन्ही हात आडवे फिरवले. नाही गेला. सामना डेलब्रुकचा.

ईस्टमनचा प्रशिक्षक तावातावाने पंचाकडे आला. त्याचं म्हणणं असं की ह्या लोकांनी खांब झुकवला, यांच्याच हातात होता, दुसरं काय होणार. पुन्हा सगळं थांबलं. व्हर्ना काही बोलायला गेली, पण तिच्या आधी रोलिन माझ्याजवळ आला. त्याचे डोळे भरलेले होते.

"नाही, सर. खांब सरळच होता. मीच उजवीकडे मारला."

प्रशिक्षकाने टोपी काढली आणि व्हर्नाशी हात मिळवला. आणि तेव्हा कुठे आमच्या लोकांतून जो गलका उठला, त्याने माझ्या दांड्यावरून आधीच उडालेली कबुतरं परत फिरकलीच नाहीत. खेळाडू रडत होते, ढोलवाला एका हाताने मला धरून दुसऱ्या हाताने मांडीवरच ठेका धरत होता. नाक फुटलेल्या खेळाडूने व्हर्नाला उचलून गरकन फिरवलं आणि ती त्याला शिव्या देत राहिली.

गॉर्डी मात्र तसाच माझ्या पायाखाली वाकलेला. "व्हर्ना, रीत आहे ती आहे. आता उपटायचा ना? कोर्टापर्यंत खांदा द्यायला मी तयार आहे. नाहीतरी द्यायलाच लागलोय."

पोरं माझ्याकडे बघायला लागली. मीही वाट बघत होतो.

"खाली ठेवू नका त्याला," व्हर्ना म्हणाली. "पुढच्या शनिवारी लागणार आहे."

"पुढच्या शनिवारी आपल्याला चेचणार आहेत."

"चेचू देत. खांब लागेलच ना?"

कोणी मला खाली ठेवलं नाही. वेल्डरला फोन गेला. त्याची गाडी येईपर्यंत ती माणसं आळीपाळीने मला धरून उभी राहिली, आणि ज्याची पाळी नसे तो चिली आणून बाकीच्यांना भरवत होता. तेव्हा बसलं हे पायाचं ठिगळ. ते लपवायला कोणी रंग लावू म्हणालं, तर मी अंगाला चिकटू देणार नाही.

मित्रांनो, माझं मागणं फार नाही. जिंकलेल्याला खांद्यावर घ्यायला सगळं गाव धावतं, त्याचं मला कौतुक नाही. तुमच्या गावात, शाळेत, घरात कोणी हरत असेल, गंजत असेल, तर त्याच्या मागे एक खुर्ची टाकून बसा. नावं ठेवायची तर ठेवा, पण उठून जाऊ नका. आणि तो पडला तर उचलून सरळ धरा.

पुढच्या शनिवारी आम्ही सणसणीत हरलो. मैदानात बसायला जागा उरली नव्हती.