एकाच नावाची दोन पार्सलं

आईने आयुष्यभर दुसऱ्यांच्या मरणाची वस्त्रं विणली. आन्दोंगजवळच्या आमच्या गावात बायका भांगेच्या झाडाची साल दातांनी चिरतात आणि उघड्या मांडीवर वळून तिचं सूत काढतात. आईचे पुढचे दात त्यातच झिजले. म्हाताऱ्यांसाठी अधिक महिन्यात हा पोशाख करून ठेवला की त्यांचं आयुष्य वाढतं, असं आमच्याकडे मानतात. यंदाच्या अधिक महिन्यात आईने तो स्वतःसाठी मागितला. तिचे हात आता थरथरत होते, आणि गावातच विकत घ्यायचा तर माझा चार महिन्यांचा पगार गेला असता.

"चिनी मागव," ती म्हणाली. "मला काय मिरवायचंय त्यात?"

परदेशातून आलेलं पार्सल दीडशे डॉलरपर्यंत करमुक्त असतं; पूर्ण पोशाख त्याच्या वर जात होता, म्हणजे त्यावर कर आणि माल सोडवणाऱ्या एजंटची फी. मी दुकानदाराला लिहिलं, दोन भाग करा, दोन पार्सलांत पाठवा. दोन्ही आईच्या नावावर, परदेशी माल मागवायला लागतो त्या आईच्याच कस्टम्स क्रमांकावर. सगळे असंच करतात. बूट, गोळ्या मी अशाच आणल्या होत्या.

खालचा भाग आला: घागरा, विजार, पायमोजे. आईने एका पायमोज्यात हात घालून पाहिला. "सूत जाड आहे. चालेल." वरचा भाग, म्हणजे झगे आणि चेहऱ्यावरचं कापड, बंदरातल्या गोदामात अडकला. एकाच दुकानातून एकाच दिवशी घेतलेला माल फोडून आणला आहे, तेव्हा दोन्हींवर मिळून कर भरा, असा संदेश आला. रक्कम फार नव्हती. मला राग आला, आणि पुढच्या आठवड्यात बघू म्हणून मी तो संदेश बाजूला ठेवला.

त्याच आठवड्यात, बुधवारी पहाटे आई गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला तिला पोशाख घालून शवपेटीत ठेवायचं ठरलं. बुधवारी सकाळीच अंत्यविधीगृहाच्या जिन्यात उभी राहून मी एजंटच्या कचेरीत फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगी होती.

"ज्यांच्या नावावर पार्सल आहे त्यांनाच बोलावं लागेल. ओ मालसून आजी आहेत का?"

"मीच."

"अगंबाई! आवाज किती तरुण हो तुमचा, आजी." ती हसली. "तुमच्या फोनवर आकडे आलेत बघा. वाचता?"

आईचा फोन माझ्या हातात होता. मी आकडे वाचले.

"कपडे स्वतःच्या वापरासाठीच ना? विकायला नाही?"

"स्वतःसाठी."

"छान. या सुताचे कपडे अंगाला गार लागतात म्हणे. यंदा उकाडाही काय कमी नाही."

"हो," मी म्हणाले.

मी कर भरला, फी भरली, गोदामाचं भाडं भरलं. दुपारी माल सुटला. घरी पोचवायला दोन दिवस लागणार होते, पण गोदामात सहापर्यंत गेलं तर हातात देतात. माझा धाकटा भाऊ ग्यूसिक गाडी घेऊन निघाला. साडेपाचला त्याचा फोन आला.

"ताई, आई स्वतः का नाही आली, असं विचारतोय इथला माणूस."

"आजारी आहे म्हण."

"आजारी?"

"ग्यूसिक, एवढं एक बोल. उद्यापासून हवं तितकं खरं बोल."

"माझ्या बाहीवर सुतकाची पट्टी आहे, ताई. तो तिच्याकडेच बघतोय."

मग त्याने सांगून टाकलं. मला फोनमधून ऐकू येत होतं. तो माणूस आधी म्हणाला, फार वाईट झालं. नंतर म्हणाला, मयताचा माल वारसांचे कागद आणल्याशिवाय देता येत नाही. आणि मग, "पण सकाळी आमच्याशी फोनवर कोण बोललं?"

ग्यूसिक रिकाम्या हाताने परत आला. बूट काढताना म्हणाला, "पहिल्याच दिवशी कर भरून टाकला असतास ना." आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं.

सकाळी आईला घागरा आणि पायमोजे आम्ही मागवलेले घातले, वरचे झगे अंत्यविधीगृहाच्या दुकानातले. ते गिरणीचं कापड होतं. खालचं मधासारखं पिवळं, वरचं पांढुरकं. मृतांना पोशाख चढवणारे तिथले श्रीयुत थाक हळूच माझ्याजवळ आले.

"बाई, रंग जुळत नाही. चादर छातीपर्यंत घेतो, म्हणजे जोड दिसणार नाही."

"नको," मी म्हणाले. "पायापाशीच असू द्या."

गावातल्या दोन विणकर बायका आल्या होत्या, आईच्या बरोबरीच्या. त्या पुढे आल्या. एकीने वरचं कापड चिमटीत धरलं, मग खालचं, आणि दोन्ही सोडून दिली. माझ्याकडे न बघता तिने आईच्या कमरेवरची सुरकुती हाताने सारखी केली.