संसदेच्या फाटकावर अडवलेला पंप

मित्रांनो, पाठीवर बांधून ज्याच्या नळीतून तणावर विष शिंपडतात, असा एक जुना पंप मी आहे. माझी टाकी एके काळी पांढरीशुभ्र होती. आता ती म्हाताऱ्याच्या दातांसारखी पिवळी पडली आहे. उजव्या पट्ट्याचे बक्कल तुटले असून त्या जागी काथ्याची गाठ मारलेली आहे. सध्या माझे वास्तव्य मलेशियाच्या पेराक प्रांतात, विरोधी पक्षाच्या एका खासदारांच्या कचेरीत, फायलींच्या कपाटामागे आहे. ज्याने जगाचे भले केले त्यानेच आपले चरित्र सांगावे, असा प्रघात आहे. माझ्या हातून भले फारसे घडले नाही. तरीही माझे ऐकावे, अशी नम्र विनंती आहे.

माझा जन्म एका कारखान्यात, साच्यामध्ये झाला. माझ्या पोटात सोळा लिटर द्रव मावतो. जन्मतःच माझ्या अंगावर एक कागद चिकटवण्यात आला होता. झाकणाचा वायसर दरवर्षी बदलावा, हातमोजे घातल्यावाचून मला हाताळू नये आणि तीन वर्षांनंतर मला कामातून काढावे, असे त्यावर चार भाषांत छापलेले होते. मळ्यावर आल्यानंतर पहिल्याच आठवड्यात तो कागद विषाच्या थेंबांनी विरघळून गेला. त्यानंतर मी नऊ वर्षे काम केले.

तो मळा पामतेलाच्या झाडांचा होता. तेथे घड तोडण्याचे काम पुरुष करीत व फवारणीचे काम स्त्रिया करीत. माझी पाठ, म्हणजे मला वाहणारी पाठ, अंजलै नावाच्या बाईची होती. तिचा आजा जहाजातून या मळ्यावर आला, मळा रबराचा होता तेव्हा बाप येथेच चीक काढता काढता वारला, आणि नवऱ्यामागे ती मजुरांच्या खोल्यांच्या रांगेत नवव्या खोलीत एकटी राहत होती. खोली कंपनीची होती. ज्याचे नाव सकाळच्या हजेरीत, त्याचीच खोली, असा तेथला नियम होता.

पहाटे हजेरी झाली की ती मला निळसर हिरव्या पाण्याने भरी, खाली बसून पट्टे खांद्यांवर घेई आणि गुडघ्यावर हात टेकून उठे. डाव्या हाताने माझा दांडा हलवीत व उजव्या हाताने नळी फिरवीत ती दिवसाला अशा बारा-पंधरा टाक्या संपवी. पहिली दोन वर्षे माझी फार स्तुती झाली. मुकादम सुप्पय्या दुसऱ्या मळ्यांवरच्या लोकांना मला दाखवून सांगे, की हा पंप रेड्यासारखा आहे, खातो थोडे आणि ओढतो फार. ती स्तुती ऐकून मी फुगलो होतो, हे कबूल करतो.

तिसऱ्या वर्षी माझा वायसर झिजला व झाकणातून थेंब झिरपू लागले. थेंब तो केवढा, परंतु तो दिवसभर एकाच जागी पडत होता. अंजलैच्या कमरेवर प्रथम लाल चट्टा उठला, मग कातडी सोलली, मग तेथे कायमची जखम झाली. तिच्या बोटांची नखे एक एक करून गळाली. नाकातून रक्त येऊ लागले, तेव्हा ती पदराचे टोक नाकात खुपसून फवारणी करी. एकदा तिने मुकादमाला पाठ दाखवून नवा पंप मागितला.

मुकादम म्हणाला, "अक्का, घाम आहे तो. घाम कुणाला येत नाही?"

"घामाला हिरवा रंग कधीपासून यायला लागला, मुकादम?" असे ती म्हणाली. बाकीच्या बाया हसल्या. मुकादमही हसला. वायसर मात्र आला नाही. मित्रांनो, तो अंगठ्याएवढा रबरी गोल तुकडा बाजारात एका चहाच्या किमतीला मिळतो.

त्या भागाचे खासदार अरुळप्पन हे पूर्वी शाळामास्तर होते. खासदारांना आमच्याकडे सारे 'वायबी' म्हणतात. विरोधी पक्षाचे असल्यामुळे त्यांना सरकारी निधी मिळत नसे, आणि त्या काळी त्यांना कचेरीही नव्हती. दर गुरुवारी ते बाजारातल्या एका चहाच्या दुकानात कोपऱ्याचे टेबल धरून बसत आणि लोकांच्या तक्रारी उतरवून घेत. रोजंदारी, आजारपण, मजुरांचे निवृत्तिवेतन अशा विषयांवर संसदेत प्रश्न विचारणारे ते त्या बाजूचे एकटेच होते. तोंडी उत्तराचे प्रश्न तेथे क्रमाने पुकारतात, आणि वेळ संपला की उरलेले तसेच राहतात. त्यांचा प्रश्न बहुधा तिसाच्या पुढे असे. मंत्री दहाबारा प्रश्नांनंतर उठून जात.

कंपनीने मला भंगारात टाकले, त्या आठवड्यात अंजलैने मला गोणपाटात गुंडाळले आणि बसने त्या दुकानात नेले. वायबींनी मला टेबलावर उभे करून झाकण उघडले आणि झिजलेला वायसर निरखून पाहिला. अंजलै त्यांना तंबी, म्हणजे धाकटा भाऊ, असे म्हणे. कारण त्यांना तिने चड्डीत शाळेला जाताना पाहिले होते.

ती म्हणाली, "तंबी, हे घेऊन जा, साहेब लोकांना दाखव. माझी पाठ कशी आहे ते पण सांग. पण नाव नको सांगू. नाव गेलं की हजेरी जाईल, हजेरी गेली की खोली. या वयात मी कुठे जाऊ?"

वायबी म्हणाले, "अक्का, तुमचं नाव माझ्या तोंडून जाणार नाही."

त्यांनी वहीत 'एक स्त्री कामगार, वय बावन्न' एवढेच लिहिले. ते मी पाहिले आहे.

अर्थसंकल्पाच्या चर्चेत त्यांना सात मिनिटे मिळाली. त्या दिवशी मला धुऊन, पुसून, गाडीच्या मागच्या बाकावर बसवून ते क्वालालंपूरला घेऊन गेले. संसदेच्या फाटकावर जोहारी नावाच्या वयस्क पहारेकऱ्याने आम्हांला अडवले. तो मनाने वाईट नव्हता. तो म्हणाला, की वायबी, आत यायला टाय लागतो आणि तुमच्या या पाहुण्याला गळाच नाही. वायबींनी पुष्कळ विनवले. तेव्हा त्याने हळूच सांगितले, "आत विष कमी आहे का, म्हणून तुम्ही बाहेरून आणताय?" शेवटी मला त्याच्या खोलीत, छत्र्यांच्या शेजारी ठेवण्यात आले. लोकशाहीचे मंदिर मी एवढेच पाहिले.

त्या खोलीत भिंतीवर एक लहान ध्वनिक्षेपक होता. त्यातून सभागृहाचा आवाज येई. वायबी चांगले बोलले. वायसर, हातमोजे, गळालेली नखे, ठेकेदाराच्या कागदावर दाखवल्यामुळे कामगार विम्याबाहेर राहिलेल्या बाया, सर्व काही त्यांनी क्रमाने मांडले. मंत्र्यांनी उत्तर दिले, की खात्याने सर्व मळे तपासले आहेत, एकाही स्त्रीची तक्रार नोंदलेली नाही, आणि सन्माननीय सदस्य पूर्वी मास्तर होते, त्यांना गोष्टी रचण्याची सवय आहे. सत्ताधारी बाके हसली. मग कुणीतरी ओरडले, "अशी बाई आहे तरी का? नाव सांगा." पाठोपाठ सारे बाक वाजवून म्हणू लागले, नाव सांगा, नाव सांगा.

आणि वायबींनी नाव सांगितले. नाव, मळ्याचे नाव आणि खोलीचा क्रमांक नऊ.

जोहारीने हातातली कॉफी खाली ठेवली. तो माझ्याकडे पाहून, जणू मी माणूस असावा तसे, म्हणाला, "आता त्या बाईचं काही खरं नाही."

मित्रांनो, सभागृहात उच्चारलेल्या शब्दाबद्दल खासदारावर खटला भरता येत नाही. तो शब्द त्यांना चिकटत नाही. परंतु ज्याचे नाव उच्चारले जाते, तो सभागृहाबाहेर राहत असतो.

वायबींनी त्याच संध्याकाळी अध्यक्षांना पत्र लिहिले, की माझे ते वाक्य कामकाजातून वगळावे. त्या वर्षी त्यांची वाक्ये चार वेळा त्यांच्या इच्छेविरुद्ध वगळण्यात आली होती. या वेळी उत्तर आले, की सदर वाक्यात असंसदीय असे काहीही आढळत नाही, सबब ते वगळण्याचे कारण दिसत नाही. छापील वृत्तांतात ते नाव आजही आहे.

नवव्या दिवशी सकाळच्या हजेरीत अंजलैचे नाव पुकारले गेले नाही. तिला कोणी शिवी दिली नाही, कोणी पत्र दिले नाही. मुकादम सुप्पय्या यादी वाचून पुढे गेला. कागदावर ती ठेकेदाराची कामगार होती आणि ठेकेदाराला त्या महिन्यात माणसे कमी लागत होती. वायबी कामगार कचेरीत गेले, तेव्हा तेथे त्यांना विचारण्यात आले, की काढल्याचा कागद कुठे आहे. कागद नव्हता, म्हणून काढलेही नव्हते. महिनाअखेर खोलीला कंपनीचे कुलूप लागले. अंजलै कोठे गेली, हे कोणी सांगेना.

दोन वर्षांनी नियम निघाला. तीन वर्षांपेक्षा जुना पंप वापरू नये, गळका पंप आढळल्यास मळ्यास दंड व्हावा. घोषणा सरकारने केली आणि हार सत्ताधाऱ्यांच्या गळ्यात पडले. तरीही श्रेय कोणाचे, हे मजुरांना ठाऊक होते. कामगार दिनी मला व्यासपीठावर उभे करण्यात आले. माझ्या दांड्याला लाल फीत बांधली. लोकांनी माझ्यासोबत छायाचित्रे काढून घेतली. वायबी त्या दिवशी भाषण न करता खाली उतरले.

ते तिला शोधतच होते. अखेर कोणीतरी सांगितले, की जोहोर प्रांतात, तीनशे मैलांवर, रोपवाटिकेच्या ठेकेदाराकडे अशी एक बाई आहे. पेन्शनच्या अर्जावर तिचा अंगठा घ्यावा आणि पुरावा म्हणून मला जोडावे, असा त्यांचा विचार होता. आम्ही तेथे पोचलो तेव्हा गाडीचे मागचे झाकण उघडे होते, म्हणून मला सर्व दिसले.

ती रोपांच्या ओळीच्या टोकाला उभी होती. पाठीवर पंप होता.

वायबींना तिने ओळखले, पण पंप उतरवला नाही. त्यांनी हात जोडले. माझं चुकलं, असे ते दोनदा म्हणाले.

"हा नवा आहे," ती म्हणाली. "गळत नाही. तुझ्या कायद्याचा. तेवढं बरं झालं." मग माझ्याकडे न पाहताच तिने त्यांना विचारले, "माझं नाव घेतलंस म्हणून तुला धरलं का रे कुणी?"

"नाही, अक्का."

"मला धरायला नऊ दिवस लागले."

त्यांनी अर्ज पुढे केला. ती म्हणाली, की येथे तिला दुसऱ्याच नावाने ओळखतात. जुन्या नावाची बाई नकोशी झाली आहे, एका मळ्याने दुसऱ्याला कळवले आहे. या नावावर विमा नाही, पेन्शन नाही, पण झोपायला पत्र्याची शेड आहे. त्या अर्जावर अंगठा उठवला, तर ती शेडही जाईल.

"तू काम चांगलं करतोस, तंबी. करत राहा," ती म्हणाली. "फक्त आता जाताना मला हाक मारू नको. इथला मुकादम ऐकतोय."

ती ओळीत पुढे निघून गेली. वायबी गाडीपाशी उभे राहिले. हाकेसाठी त्यांचे तोंड उघडले आणि मिटले. मग त्यांनी माझ्यावरचे गाडीचे झाकण लावले.

मित्रांनो, त्यांनी पुढेही पुष्कळ प्रश्न विचारले. काहींची उत्तरे मिळाली. मजुरांसाठी भांडणारा माणूस असावाच. तो नसता तर नवे पंप आले नसते. परंतु आपण उद्या मोठे व्हाल, कोणी आपल्याजवळ आपली जखम उघडी करील आणि एखादी गोष्ट राखून ठेवायला सांगेल. तेव्हा आपले म्हणणे खरे ठरवण्यासाठी ती गोष्ट खर्चू नका, एवढीच माझी प्रार्थना आहे. आपण खोटे ठरलो तरी आपल्याला घरी जायला घर असते.

आणि अंजलै हे तिचे नाव नव्हे. खोलीही नवव्या क्रमांकाची नव्हती. आणि जोहोर म्हणून जो प्रांत मी सांगितला, तोही तो नव्हे. तिचे खरे नाव मला ठाऊक आहे. कोणी कितीही बाक वाजवले, तरी ते मी सांगणार नाही.